माळ्यावरची फ्लॉपी आणि एका नोंदीचा फरक

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती, म्हणून साफसफाईसाठी पुण्याहून सांगलीला आईकडे गेले होते. बाबा गेल्यापासून माळ्यावर चढायचं काम माझ्याकडे आलंय. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या घरात खिडकीच्या वर पाणी होतं. माळा तेवढा वाचला, पण घर दहा दिवस बंद होतं आणि दमट हवेनं जे करायचं ते वर करून ठेवलं होतं. पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं आणि त्यांच्याखाली एका जाड लिफाफ्यात एक काळी फ्लॉपी, म्हणजे जुन्या संगणकांची माहिती साठवायची चकती. मोठी, लवचिक, मधे भोक असलेली. लेबलवर बाबांच्या अक्षरात दोनच गोष्टी: ‘श्री’ आणि ‘हलवू नये’.

आई खालून म्हणाली, “ती तुझ्या बाबांची आहे. टाकू नकोस.”
“आहे काय तिच्यात?”
“मला काय माहीत? संध्याकाळी क्लासमध्ये बसून काहीतरी करायचे.”

बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या एका मित्राचा गावात कॉम्प्युटर क्लास होता, आणि १९९२ ते ९८च्या दरम्यान बाबा जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे असत, एवढं मला आठवतं. ते काय करत, हे त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

मी कॉम्प्युटरवाली नाही, हे आधीच सांगते. मी लेखापरीक्षणाचं काम करते. ही फ्लॉपी वाचायला मला पाच महिने आणि ८,२०० रुपये लागले. त्यातला निम्मा वेळ आणि बरेचसे पैसे अज्ञानापोटी गेले. तुमच्याही घरात अशी काळी चकती असेल तर निदान त्याच चुका पुन्हा नकोत, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक दुसऱ्याच दिवशी झाली. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. आला आणि कळलं, तो साडेतीन इंची फ्लॉपीचा आहे. बाबांची सव्वापाच इंची. मी शाळेत पाहिलेली फ्लॉपी साडेतीन इंचीच होती, त्यामुळे फ्लॉपी म्हणजे तीच असं मी धरून चालले होते. ऑर्डर देण्याआधी पट्टी घेऊन मोजा, एवढं सोपं होतं ते. ड्राइव्ह परत केला, १२० रुपये पाठवणीचे गेले. आणि थेट यूएसबीला लागणारा सव्वापाच इंची ड्राइव्ह बाजारात मिळतच नाही, ही माहिती पदरात पडली.

मग एका डेटा रिकव्हरीच्या दुकानात गेले. त्यांनी ५०० रुपये तपासणी शुल्क घेतलं, रीतसर पावती दिली आणि बारा दिवसांनी फोन केला. दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल, १४,००० अधिक जीएसटी, आणि काही निघेलच याची हमी नाही. शुल्क परत मिळत नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. दुसऱ्यांच्या पावत्यांचं पाठपान वाचण्याचाच मला पगार मिळतो, तर आता काय बोलणार! फ्लॉपी घेऊन परत आले.

आमच्या ऑफिसच्या आयटी विभागात एक मुलगा आहे, पंचविशीतला. त्याला दाखवली तर त्यानं दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे नेली, फोटो काढला आणि म्हणाला, “मॅडम, हे सेव्हचं चिन्ह आहे ना, त्याची आजी.” पण त्याच संध्याकाळी त्यानं शोधून सांगितलं की ग्रीझवीझल नावाचा एक छोटा बोर्ड असतो. जुना ड्राइव्ह त्याला जोडायचा, बोर्ड यूएसबीनं संगणकाला. फ्लॉपीवरच्या चुंबकीय खुणा जशा असतील तशा तो उचलतो, अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. दोन गोष्टी हव्यात, एक तो बोर्ड आणि दुसरा चालू स्थितीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह.

ड्राइव्हसाठी पुण्याचा जुना बाजार. तो रविवारी आणि बुधवारी भरतो; नोकरीमुळे मला रविवारच जमण्यासारखा. ३ डिसेंबरला गेले, नव्हता. १० डिसेंबरला एक होता, पण त्याचं पुढचं दार तुटलेलं. १७ डिसेंबरला एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे कुलूपकिल्ल्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या मधे एक सापडला. “चालतो का?” “लाइट लागतो, एवढं सांगतो.” हजारावरून सहाशेवर आला. लाइट खरंच लागत होता.

इथं एक खाचखळगा आहे. सव्वापाच इंचीतही किती माहिती मावते त्यावरून दोन जाती आहेत, ३६० केबीच्या आणि १.२ एमबीच्या. १.२ एमबीचा ड्राइव्ह जुन्या ३६०च्या फ्लॉपी वाचू शकतो, उलट जमत नाही. म्हणून घ्यायचाच तर १.२चा घ्या. या ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. जुन्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ३५० रुपयांना घेतला. तो संगणकाशिवाय सुरू करायचा तर मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडावी लागते. हे करताना मी घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं. आता हसू येतं. केबल मात्र तपकीर गल्लीत चार दुकानं फिरूनही मिळाली नाही. सव्वापाचच्या ड्राइव्हला टोकाला लांबट खोबणीचा वेगळा प्लग लागतो, सरळ पिनांचा बसत नाही. शेवटी ४५० रुपयांना ऑनलाइन मिळाली.

बोर्ड परदेशातून मागवला. २० डिसेंबरला ऑर्डर, पाठवणीसकट ३,९०० रुपये. ४ जानेवारीला मुंबईत उतरला आणि तिथेच बसला. कुरिअरवाल्यांची पहिली मेल: केवायसी द्या. पॅन, आधार पाठवलं. दुसरी मेल: बीजक आणि पैसे भरल्याचा पुरावा. पाठवला. तिसरी मेल: वस्तू नेमकी काय आहे, कशासाठी हवी आणि तिच्यातून बिनतारी लहरी निघतात का, याचं सहीचं पत्र. मी लिहिलं, ‘सदर बोर्ड जुन्या फ्लॉपी डिस्क वाचण्यासाठी असून त्यात कोणतीही बिनतारी यंत्रणा नाही. वापर वैयक्तिक. दिवंगत वडिलांची फ्लॉपी वाचावयाची आहे.’ शेवटचं वाक्य खोडावं का, यावर बराच वेळ घालवला. राहू दिलं. चार दिवसांनी सीमाशुल्क आणि इतर आकार मिळून १,७६० रुपयांची मागणी आली. २४ जानेवारीला पाकीट हातात पडलं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं.

२६ जानेवारीला सुट्टी होती. सकाळी झेंडावंदन करून आल्यावर सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. फ्लॉपी आत घालण्याआधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. सव्वापाच इंचीत ही खाच झाकली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. साडेतीन इंचीत उलट असतं, भोक उघडं असलं की ती सुरक्षित. ऑफिसातल्या त्या मुलानं फोनवरून तीन वेळा बजावलं होतं की आधी कच्च्या खुणांची फाइल करून ठेवा, म्हणजे अर्थ लावायला फ्लॉपी परत परत फिरवायला नको.

ड्राइव्ह फिरला आणि खरवडल्यासारखा आवाज आला. मी घाबरून थांबवला. बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर चकतीवर पांढरट ठिपके. बुरशी. हे आधी पाहायला हवं होतं. बुरशीवाली फ्लॉपी तशीच फिरवली की ड्राइव्हचं वाचणारं टोक घाण होतं आणि ती घाण चकतीला ओरखडे काढते. तुमची फ्लॉपी पुराच्या किंवा कोकणच्या घरातली असेल तर आत घालण्याआधी तिरप्या उजेडात, मधलं भोक हातानं हळू फिरवत, पूर्ण वेढा पाहून घ्या.

साफ करायचं म्हणजे काळं पाकीट कापायचं. मला ते जमेना, म्हणजे हात धजेना. ‘हलवू नये’ असं लिहिलेल्या गोष्टीला कात्री लावायची! आधी दहा रद्दी फ्लॉपी २०० रुपयांना आणल्या आणि त्यांच्यावर हात बसवला. मग ३ फेब्रुवारीला बाबांच्या फ्लॉपीवर आले. पाकिटाची वरची कड कापली, चकती अलगद बाहेर काढली. काढण्याआधी कोणती बाजू वर आहे ते लक्षात राहावं म्हणून मधल्या कड्याशी मार्करनं बारीक ठिपका केला, कारण चकतीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल (३२० रुपयांची बाटली), धागे न सुटणारं कापड, हलका हात. कापड पहिल्यांदा राखाडी झालं, मग फिकट, मग स्वच्छ. रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी एका रद्दी फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घातली. ड्राइव्हचं टोकही त्याच अल्कोहोलनं पुसलं.

बाबांची फ्लॉपी १.२ एमबीची. या जातीच्या फ्लॉपीवर २,४०० खण असतात. ८० वर्तुळं, दोन बाजू, प्रत्येक वर्तुळात १५ खण, खणात ५१२ बाइट. वाचत असताना पडद्यावर तक्ता येतो. खण वाचला गेला तर ठिपका, नाही तर फुली. पहिल्या फेरीत २९ फुल्या होत्या. टोक पुसून दुसरी फेरी, ११. चौथ्या फेरीत ३ उरल्या आणि त्या काही केल्या हटेनात. सुदैवानं त्या तिन्ही खणांत काहीच नव्हतं, फ्लॉपीचा शेवटचा भाग बाबांनी वापरलाच नव्हता.

आत पाच फाइली होत्या. एक प्रोग्रॅम, नाव ‘एएच’. त्याच नावाची एक डीबीएफ फाइल (नोंदींचा तक्ता), दोन एनटीएक्स फाइली (त्या तक्त्याच्या अनुक्रमणिका) आणि एक साधी मजकुराची. एनटीएक्सवरून मुलानं ओळखलं की प्रोग्रॅम क्लिपर या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे. फॉक्सप्रो किंवा डीबेस असतं तर अनुक्रमणिकेच्या फाइलीचं आडनाव वेगळं असतं. ‘एएच’ म्हणजे काय, यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. कोणाची आद्याक्षरं? आईला विचारायचं धाडस होईना.

डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीचे डॉसचे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्रॅम चालवला. काळ्या पडद्यावर कोपरे, दुहेरी रेघा, भरीव ठोकळे, मधेच ग्रीक अक्षरं. सगळ्यात वर दोन ओमेगा, मग चार चिन्हं, मग पुन्हा दोन ओमेगा. खाली एक ओळ आणि लुकलुकणारी खूण. काहीही टाइप केलं की तीच ओळ पुन्हा. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम बंद. मला तर हा एखादा जुना व्हायरस वाटला. मुलगा म्हणाला, “असला तरी आता डॉसबॉक्सच्या बाहेर येणार नाही.”

म्हणून डीबीएफ फाइल उघडली. या फाइलीची रचना सरळ आहे. सुरुवातीलाच शेवटच्या बदलाची तारीख आणि नोंदींची संख्या असते. तारीख होती ३ फेब्रुवारी १९९८. नोंदी २१२. स्तंभांना बाबांनी नुसती एफ१, एफ२ अशी नावं दिलेली. अक्षरांचे स्तंभ सगळे त्याच कोपऱ्या-ठोकळ्यांचे, पण आकड्यांचा स्तंभ साफ वाचता येत होता. शून्य, ५१, शून्य, २१, १०१, ५१, ११, शून्य, शून्य, ५०१.

आकडे पाहायची सवय म्हणून असेल, पण माझी नजर तिथेच अडकली. शून्यं सोडली तर एकही रक्कम पूर्ण दहाची किंवा शंभराची नाही. सगळ्यांवर एक रुपया. असा हिशेब आपल्याकडे दोनच ठिकाणी असतो, एक देवाच्या पावतीवर आणि दुसरा लग्नाच्या पाकिटात.

आता अक्षरं. मी त्या पहिल्या ओळीकडे दोन रात्री बघत बसले. दोन ओमेगा, चार चिन्हं, दोन ओमेगा. तिसऱ्या दिवशी ऑफिसात एका पतसंस्थेची जुनी खतावणी तपासायला घेतली, पहिलं पान उलटलं, आणि पानाच्या माथ्यावर छापलेलं दिसलं: ॥ श्री ॥. दोन उभे दंड, अक्षर, दोन उभे दंड. मी खतावणी मिटली आणि मुलाच्या टेबलाकडे अक्षरशः पळत गेले.

त्यानं शोधलं आणि नाव निघालं इस्की. युनिकोड (आज सगळीकडे चालणारा अक्षरांचा संकेत) सर्रास होण्याआधीचा भारतीय लिप्यांचा संकेत, म्हणजे कोणत्या अक्षरासाठी कोणता आकडा साठवायचा ते ठरवणारं कोष्टक, भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रमाणित केलेला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं वाढवलं. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची. क्लासमध्ये ते कार्ड होतं, हे नंतर आईनंच सांगितलं. (“त्या कार्डाचं कौतुक सहा महिने ऐकलं मी.”) कार्ड नसलं की तेच आकडे संगणक स्वतःच्या कोष्टकातून वाचतो आणि अक्षरांच्या जागी रेघा नि ठोकळे काढतो.

इस्कीचं कोष्टक छापून घेतलं. २३४ म्हणजे दंड. इंग्रजी कोष्टकात त्या जागी ओमेगा. २१३ श, २३२ हलन्त, २०७ र, २२० दीर्घ वेलांटी. श, पाय मोडलेला, र, ई. श्री. चार चिन्हं, चार आकडे. लेबलवरचा ‘श्री’ही तोच. पडद्यावर सगळीकडे विखुरलेला तो कोपरा म्हणजे २१८, आपला काना. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे भरीव ठोकळा. बाबांनी पडद्यावरच्या चौकटी अधिक-वजाच्या चिन्हांनी का काढल्या होत्या तेही कळलं. रेघांच्या जागा अक्षरांनी घेतलेल्या होत्या.

पहिली वीस नावं मी पेन्सिलनं कागदावर सोडवली. गरज नव्हती. इस्कीचं युनिकोड करणारी साधनं तयार मिळतात (आयसीयू नावाच्या फुकट साधनसंचात हे रूपांतर आहे, विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचा क्रमांक ५७००२), आणि मुलानं पूर्ण फाइल दोन मिनिटांत बदलून दिली असती. पण मला एकेक नाव उघडताना बघायचं होतं. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे, त्यामुळे क्रम ओळखीचा वाटतो आणि पंधरा-वीस शब्दांनंतर कोष्टक बघावं लागत नाही.

सातव्या नोंदीला उलगडा झाला. ‘लेमन सेट’.

एएच म्हणजे आहेर. मे १९९४ मध्ये आत्याचं लग्न झालं होतं आणि बाबा थोरले भाऊ. लग्नातली आहेराची वही त्यांनी क्लिपरमध्ये लिहिली होती. नाव, गाव, कोणाकडून, रोख, वस्तू, फेड, फेडीची तारीख. मी आधीच्या चार महिन्यांत काय काय कल्पना केल्या होत्या! गुप्त कर्ज, जमिनीचा व्यवहार, दुसरं घर. निघाले चौदा लेमन सेट, अकरा भिंतीवरची घड्याळं, सात मिसळणाचे डबे आणि एक ‘पातेले (जर्मनचे, झाकण नाही)’. कंसातला शेरा बाबांचाच.

प्रोग्रॅम चालवायचा राहिला होता. ती अडवणारी ओळ कोष्टकातून काढली, ‘सांकेतिक शब्द द्या’. आईला फोन केला.
“बाबांचा पासवर्ड काय असेल गं? क्लासमधल्या प्रोग्रॅमचा?”
“मी विचारलं होतं एकदा. ‘सांगत नाही’ म्हणाले.”

मी बाबांचं जन्मसाल, स्कूटरचा नंबर, माझं नाव असं सगळं करून पाहिलं. शेवटी मुलानं प्रोग्रॅमची फाइलच उघडली. क्लिपरच्या प्रोग्रॅममध्ये असे शब्द बहुधा उघडे पडलेले असतात. त्या ओळीच्या जवळच दहा आकड्यांचा एक तुकडा होता. मी कोष्टक लावलं. सांगत नाही. हाच पासवर्ड होता. आईला खरं उत्तर मिळालं होतं आणि ते कळायला तीस वर्षं लागली.

माझ्या कीबोर्डवरून डॉसमध्ये देवनागरी टाइप होईना, म्हणून प्रोग्रॅमच्या प्रतीत (मूळ फाइलीत कधीही नाही) त्या दहा बाइटच्या जागी एक ते नऊ आणि शून्य असे दहाच अंक घातले. उघडला. पडद्यावर कोपरे-ठोकळेच, पण आता मला ते वाचता येत होते.

चार पर्याय होते. नवी नोंद, शोध, यादी आणि ‘काय द्यावे’. हा चौथा बघून मी खुर्चीत मागे टेकले. एखाद्याचं नाव आणि आजची तारीख घातली की त्यानं दिलेल्या आहेरावरून आपण आता किती द्यावं ते प्रोग्रॅम सांगायचा. १०१ रुपये दिलेल्या एका मामांचं नाव घातलं, तारीख १०/०३/२४. उत्तर आलं, १ रुपया.

पाच मिनिटांनी कारण लक्षात आलं. वर्षाला दोनच अंक, त्यामुळे २४ म्हणजे त्याला १९२४. लग्नाच्या सत्तर वर्षं आधी मामांना किती द्यावं, याचा हिशेब त्यानं प्रामाणिकपणे केला होता. वर्ष ९९ घातलं तेव्हा १५१ आले. आणखी चार-पाच रकमा घालून उलटं गणित मांडलं. द.सा.द.शे. आठच्या आसपास चक्रवाढ, मग पन्नासाच्या पटीत, मग वर एक रुपया. कचेरीतला कारकून आहेरावर चक्रवाढ व्याज लावत होता. आमच्याकडून कुठल्याही लग्नात पाकीट कधी कमी गेलं नाही, असं आई अभिमानानं सांगते, त्यामागे हे होतं.

एक गोष्ट मात्र मला सतावत होती. फ्लॉपीवरच्या मजकुराच्या फाइलीत पूर्ण यादी होती आणि शेवटी ‘एकूण नोंदी २११’. प्रोग्रॅमही २११ दाखवत होता. डीबीएफच्या सुरुवातीला मात्र २१२. आमच्या धंद्यात लाखाचा फरक एकवेळ सापडतो, एकाचा फरक झोपू देत नाही. सगळ्या नोंदी ओळीनं तपासल्या. एका नोंदीच्या अगदी पहिल्या जागी, जिथे बाकीच्यांना मोकळी जागा होती, तिथे तारांकन होतं. डीबीएफमध्ये नोंद पुसली की ती जात नाही, तिला फक्त फुलीसारखी ही खूण लागते आणि प्रोग्रॅम ती दाखवायचं थांबवतो. फाइल आवरती घ्यायची आज्ञा दिली तरच ती खरोखर नाहीशी होते. बाबांनी ती आज्ञा दिली नव्हती. नाव मी इथं लिहीत नाही. आडनाव आईच्या माहेरचं. रोख शून्य. वस्तू: ‘समई, पितळी, जोडी’. फेडीचे रकाने कोरे.

९ एप्रिल २०२४, पाडवा. सांगलीला जाताना पूर्ण यादी मोठ्या अक्षरात छापून नेली, आडनावांच्या क्रमानं. पुसलेली नोंदही तिच्या जागी घातली होती. मला ते कौतुकाचं वाटत होतं. बघ, पुसलेलंसुद्धा काढलं. गुढी उतरवण्याआधीच्या निवांत दुपारी आई चष्मा लावून बसली. तिला कागदाची गरज नव्हती. नाव वाचायची आणि पुढचं स्वतःच सांगायची. “हे काय, यांनी ५१ दिले होते. त्यांच्या थोरलीला आपण १०१ आणि साडी.” बाबांनी ‘फेड बाकी’ म्हणून ठेवलेल्या नऊ नोंदींपैकी सात फेडल्याचं तिनं तारखेनिशी सांगितलं. “लिहायचं राहिलं असेल त्यांचं. तो क्लासच बंद झाला ना अठ्ठ्याण्णवला.” लेमन सेटांवर आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यातला एक अजून वापरात आहे.

चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

“हे कसं आलं यात?”
“पुसलं होतं. पण डिस्कवर राहिलं होतं खाली. काढता येतं ते.”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. बाहेर कोणीतरी कडुलिंबाच्या डहाळ्या गोळा करत होतं.

“तुझ्या बाबांनी पुसलं होतं ना?”
“हो.”
“मग?”

मी पुढं विचारलं नाही. तिनं पान उलटलं आणि पाचव्या पानावरचं पहिलं नाव वाचलं.

रात्री पुण्याला परतल्यावर यादी पुन्हा छापली. फ्लॉपीची मूळ प्रतिमा आहे तशी तीन ठिकाणी ठेवली आहे, आणि चकती नव्या पाकिटात, जुनं लेबल चिकटवून. आत्याला परवा स्पीड पोस्टनं यादी पाठवली. तिच्यात २११ नोंदी आहेत.